स्कूटर बंद झाल्यानंतर

हृषीकेश गांगलचं म्हणणं, अजून भीती वाटत नाही.

एरंडवण्यात, तळघरात आमचा स्टुडिओ,
वर दातांचा दवाखाना.
ड्रिल थांबलं की आम्ही शांतता रेकॉर्ड करतो.

मान मोडायची तर शेवग्याची शेंग,
कोवळी नको, जून.
फरशीवरून सरपटणाऱ्या केसांना
जुन्या कॅसेटची फीत.
भूत मी मंडईतून आणते, पावशेर पावशेर,
वर कढीपत्ता फुकट.

गांगल म्हणतो, मॅडम, किंकाळी मोठी करा.
मुश्ताक करतो.
वरून डॉक्टरीणबाईंचा फोन येतो, पेशंट दचकतोय.
'चला, एक माणूस तरी घाबरला,' मुश्ताक म्हणतो.
गांगल हसत नाही.
सासऱ्यांचा वारज्यातला प्लॉट विकून
त्यानं ही हडळ उभी केली आहे.

सगळे गेल्यावर मी एकटी बसते.
सीन सत्तर. बाई घरात, दार लावलेलं, दारामागे ती.
चौदा ट्रॅक आहेत. मी एकेक मिटवत जाते.
वारा बंद. (असा वारा पुण्यात कधी ऐकलाय मी?)
कुत्रं बंद.
व्हायोलिनं, सगळीच्या सगळी, बंद.

मग नुसती खोली उरते,
आणि माझ्या हाताला आपोआप लागतं
सहकारनगर, तिसरा मजला, संध्याकाळचे सव्वासात.

खाली स्कूटर येते.
स्टँडवर चढते.
बंद होते.
इथून पुढे अठ्ठेचाळीस पायऱ्या.

उन्मेष टीव्ही बंद करायचा,
मी त्याच्या पाठीवरून ओलं फडकं फिरवायचे,
कारण बाबा आल्या आल्या टीव्हीला हात लावून बघायचे,
लेकराचा ताप बघावा तसा.
भूगोल उघडायचा, मिळेल ते पान.
आई गॅस बारीक करायची.
का, ते तिला कधी विचारलं नाही;
बहुतेक नीट ऐकू यावं म्हणून.

कधी कधी त्यांच्या हातात पॅटिसचा पुडा असायचा,
तेलानं पारदर्शक झालेला कागद,
आणि आम्ही चौघं हसायचो, खरंच हसायचो.
हे सांगितलं पाहिजे.
रोज वाईटच असते तर सवय झाली असती.
जिन्यावरून कोण येतंय ते माहीत असायचं.
कुठले येतायत, ते नाही.

पट्टा एकदाच. त्याचं मला फारसं आठवत नाही.
एकतिसाव्या पायरीची फरशी सुटी होती,
ती अजून वाजते.

सकाळी गांगलला सीन ऐकवला.
स्कूटर. स्टँड. बंद.
मग काही नाही, पाऊण मिनिट काही नाही,
मध्येच कुठेतरी एक सुटी फरशी.
दार मी उघडलंच नव्हतं.
तो म्हणाला, पण यात भूत कुठंय?
मग थोड्या वेळानं म्हणाला, राहू दे.

शनिवारी बारा जणांना दाखवला.
उन्मेष चिंचवडहून आला, सेहेचाळीस वर्षांचा,
हाताखाली तीनशे माणसं.
पहिला तासभर फोनवर मेल चाळत बसला होता.
हडळ छतावरून उतरली तेव्हा त्यानं जांभई दिली,
तोंडावर हात धरून, माझ्यासाठी.

मग खाली स्कूटर बंद झाली.

मी पडद्याकडे बघत नव्हते.
त्यानं फोन मांडीवर पालथा घातला,
पाय जवळ घेतले, पाठ ताठ केली,
आणि कुणाला दिसू नये असा
तळवा फिरवत राहिला
फोनच्या पाठीवरून,
गार होईपर्यंत.